जुनं घड्याळ ऑनलाइन ऑक्शनला लावताय? आधीच्या विक्रेत्याचे फोटो उचलू नका, काचेचा फोटो असा काढा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घड्याळ तुम्ही विकत घेतलंत, त्याचा फोटो नाही घेतलात. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या लिस्टिंगमधले (म्हणजे विक्रीसाठी टाकलेल्या जाहिरातीतले) झकास फोटो सेव्ह करायचे, स्वतःच्या लिस्टिंगला चिकटवायचे आणि वर म्हणायचं की वस्तू तर तीच आहे ना, हे चालत नाही. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा स्वच्छ सांगतो की फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, त्याला कुठे नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात नाव टाकावं लागत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ज्या ईबे या ऑनलाइन ऑक्शनच्या साइटवर आपण विकतो तिचा स्वतःचा नियमही हाच आहे, परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो किंवा दुसऱ्याचं वर्णन वापरायचं नाही, तक्रार आली की लिस्टिंग उडतं आणि तेसुद्धा बिड, म्हणजे बोली, चढत असतानासुद्धा.

यावर घड्याळांच्या ग्रुपांमध्ये जे सल्ले फिरतात ते वाचून मला खरंच राग येतो. लोगो क्रॉप करा, फोटो उलटा करा, फिल्टर मारा, खाली ‘क्रेडिट टू ओनर’ लिहा. क्रेडिट लिहिणं म्हणजे परवानगी नाही. आणि क्रॉप केलेला फोटोसुद्धा गूगल लेन्स किंवा टिनआय अशा फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकला की मूळ लिस्टिंग सापडू शकतं, घड्याळं गोळा करणारी माणसं पैसे लावायच्या आधी हेच करतात. गूगलवर दिसतोय म्हणून फोटो फुकटचा होत नाही, कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटोही कंपनीचाच असतो. नव्या, सीलबंद वस्तूला ईबे स्वतःच्या कॅटलॉगमधून फोटो देतं तो वापरा, तेवढी सोय आहे. जुन्या घड्याळाला ती नाही.

घड्याळाच्या बाबतीत तर हा प्रश्न आपल्या शहराच्या नावाला येऊन भिडतो. परदेशी ग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा शब्दच आहे, म्हणजे डायल नव्याने रंगवलेलं, काटे एका घड्याळाचे आणि केस (बाहेरची धातूची डबी) दुसऱ्याची, असं जुळवलेलं घड्याळ. त्यामुळे मुंबईतून विकणाऱ्याकडे ते आधीच संशयाने बघतात, डायलवरची अक्षरं झूम करून तपासतात, मिनिटांचे ठिपके सारखे आहेत का, छपाई जाड तर नाही ना, हे सगळं. अशा माणसाला तुम्ही दुसऱ्याचा फोटो दाखवलात आणि पार्सलमधून निघालेल्या डायलवर एक डाग जास्त असला की संपलं, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून तो परत पाठवणार, ईबेवर त्याच्याकडे पार्सल मिळाल्यापासून ३० दिवस असतात, आणि परतीचं पोस्टेज तुमच्या डोक्यावर. हजार दीड हजाराच्या एचएमटी जनतासाठी अमेरिकेहून परतीचं पोस्टेज कुणाला परवडणार आहे.

परवानगी मागायची असेल तर नीट मागा. फोनवर ‘हो हो वापर’ म्हणाला याला काही अर्थ नाही, लेखी पाहिजे. मी असा मेसेज टाकते: ‘तुमच्याकडून घेतलेलं एचएमटी पायलट मी पुन्हा विकायला लावतेय. तुमच्या लिस्टिंगमधला आतल्या मशीनचा फोटो वापरू का? फक्त या एका घड्याळासाठी, विकलं गेलं की काढून टाकेन.’ कुठला फोटो, कशासाठी, किती दिवस, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. उत्तर नाही आलं तर ते ‘नाही’ समजा. आणि हो म्हणाला तरी लिस्टिंगमध्ये लिहा की हा फोटो आधीच्या विक्रेत्याने काढलाय, त्याच्या परवानगीने वापरलाय.

पण माझं मत सांगायचं तर परवानगी मिळाली तरी फक्त मशीनचाच फोटो घ्या, तोही मागचं झाकण स्वतः उघडायची सवय नसेल तर, कारण चुकीच्या हत्याराने उघडायला जाल आणि केसवर ओरखडा पाडून बसाल. बाकी डायल, काच, केस, पट्टा यांचे फोटो तुमचेच आणि आत्ताचेच हवेत. त्याने फोटो काढल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत काचेवर चरा आलेला असू शकतो, चावी बदललेली असू शकते, आणि ऑक्शनमध्ये लोकं शेवटच्या मिनिटाला बिड टाकतात, तेव्हा प्रश्न विचारायला कुणाकडे वेळ नसतो, फोटोत जे दिसतं त्यावरच पैसे लावतात.

घड्याळ पुसून घ्या, चावी भरा, वेळ लावा, बॅकग्राउंडला साधा राखाडी किंवा मातकट कागद घ्या. एवढी तयारी पुरे.

आता खरी अडचण. लोकं दुसऱ्याचे फोटो उचलतात त्यातली निम्मी आळशी नसतात, त्यांना काचेचा फोटो जमत नाही म्हणून उचलतात. जुन्या घड्याळांची काच म्हणजे बहुतेक वेळा फुगीर ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक, तिच्यात अख्खी खोली दिसते: तुमचा फोन, तुमचा हात, वरचा पंखा, ट्यूबलाइट, खिडकीचं ग्रिल, सगळं डायलवर येऊन बसतं. मलाही हे जमायला खूप वेळ लागला आणि यूट्यूबवरच्या सल्ल्यांनी तो वाढवलाच.

पहिला वाईट सल्ला, फ्लॅश. कधीच नाही. दुसरा, रिंग लाइट घ्या. रिंग लाइटचं गोल कडं थेट काचेत उमटतं, डायलच्या मधोमध पांढरं वळं. तिसरा, पोलरायझर फिल्टर घ्या. पोलरायझर काचेवरचं प्रतिबिंब मारतो हे खरं, पण तिरक्या कोनातून, साधारण ५५ अंशांच्या आसपास, आणि डायलचा फोटो तुम्ही समोरून सरळ काढता, तिथे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. स्टीलच्या केसवरची चमक तर त्याने जातच नाही. पैसे वाया घालवू नका.

उपाय एवढाच की काचेला दाखवायचं काय ते तुम्ही ठरवायचं. सरळ वरून फोटो काढताना काचेसमोर असतो तुमचा फोन आणि छत. म्हणून एक मोठी काळी कार्डशीट घ्या (क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळेल, चकचकीत नको, मॅट बघून घ्या), त्यात कॅमेऱ्याच्या भिंगापुरतं भोक पाडा आणि फोन त्याच्या मागे धरा. आता काचेला वर फक्त काळं दिसतं आणि काळ्याचं प्रतिबिंब डायलवर दिसतच नाही. हे एवढं केलंत की निम्मं काम झालं.

उजेड बाजूने घ्यायचा, खिडकीचा. खिडकीला आतून ट्रेसिंग पेपर किंवा स्वयंपाकाचा बटर पेपर लावा म्हणजे ग्रिलचे गज काचेत उमटणार नाहीत आणि उजेड मऊ होईल. घड्याळाच्या दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, नाहीतर केसची ती कड काळी पडते. पंखा बंद, घरातले सगळे दिवे बंद, एकही चालू नको, कारण खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही मिसळले की क्रीम डायल कधी हिरवट दिसते कधी पांढरी, आणि एलईडी किंवा ट्यूबखाली फोटोत पट्टेही येतात. समोरच्या बिल्डिंगची भिंत पिवळी असेल आणि तिच्यावर ऊन असेल तरीसुद्धा डायल पिवळी येते, गिरगावात आमच्याकडे दुपारी हेच होतं म्हणून मी सकाळी काढते. सगळ्यात चांगला उजेड जुलैतल्या ढगाळ दुपारचा. रंगाची खात्री हवी तर एका फोटोत शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा.

एवढं करूनही फुगीर काचेच्या कडेला खिडकीची एक पांढरी रेघ उरतेच. ती घालवायचा हट्ट धरू नका, घड्याळ थोडं थोडं फिरवत ती रेघ अक्षरांवरून बाजूला, कडेला न्या. नाव, ठिपके आणि सहा आकड्याखालची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत, ग्राहक तिथेच बघतो.

फोन अगदी जवळ नेऊ नका, वाइड लेन्सने केस अंड्यासारखी दिसते. थोडं लांबून, दोनपट झूमवर, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, टायमर लावून. फोकस काचेवर नाही, डायलवरच्या अक्षरांवर लॉक करा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) जरा खाली ओढा.

मग मुद्दाम एक फोटो उलट काढा: कार्डशीट बाजूला करा, काच तिरकी धरा, प्रतिबिंब येऊ द्या, त्यात सगळे चरे दिसतात. हा फोटो टाकाच. चरे लपवलेलं घड्याळ परत येतं, दाखवलेलं येत नाही असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात काचेच्या आतून धुकं दिसलं तर फोटो काढणं थांबवा आणि आधी कारागिराकडे न्या, आत ओल शिरलीय.

बाकीचे फोटो सोपे: मागचं झाकण, चावी, दोन्ही बाजू, पट्ट्याची आतली बाजू. त्यातल्या एकात कागदावर हाताने तुमचं युजरनेम आणि आजची तारीख लिहून शेजारी ठेवा, आणि प्रत्येक फोटोत काट्यांची वेळ वेगळी आली तर उत्तमच, घड्याळ चालू आहे हे त्यातच कळतं.

अपलोड करताना ईबेला फोटोची लांब बाजू किमान ५०० पिक्सेल लागते, १६०० च्या आसपास ठेवा म्हणजे झूम होतो. फोटोवर बॉर्डर, मजकूर, ‘बेस्ट क्वालिटी’ची पट्टी असलं काही टाकू नका, तेही नियमात बसत नाही. आणि १०० वर्षांहून जुनं खिशातलं घड्याळ हाताला लागलं तर परदेशी ग्राहकाला लावूच नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

तुमचे फोटो चांगले यायला लागले की ते चोरीला जाणार, माझेही गेलेत, माझ्या टेबलावरचा राखाडी कागद दुसऱ्याच्या लिस्टिंगमध्ये मी ओळखलाय. भांडत बसू नका. एकदा सभ्य मेसेज, नाही ऐकलं तर ईबेवर वेरो म्हणून हक्कधारकांची सोय आहे तिथून तक्रार. त्यासाठी फोनमधली मूळ फाइल जपून ठेवा, विकलं गेल्यावर डिलीट करू नका, आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवून परत घेतलेली कॉपी देऊ नका, त्यात फोटो कधी काढला ती माहिती उडालेली असते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.