तारेजवळच्या झाडांची छाटणी : या चुका टाळा

मृग जवळ आला, वारा सुटला, की गल्लीतली वीज सारखी जाऊ-येऊ लागते. अशा वेळी आधी तारांकडे मान वर करून बघावं. बहुधा कुठेतरी एखादी फांदी टेकलेली दिसते. ती कोणी तोडायची, यावर झाडाचा मालक, नगरपालिका आणि वीज कंपनी यांच्यात टोलवाटोलवी चालते आणि शेवटी घरातलंच कोणीतरी कोयता घेऊन वर चढतं. जीव जातात ते इथेच.

जबाबदारी एकाच्याच गळ्यात घालणं

झाड ज्याच्या जमिनीत त्याचं, रस्त्याकडेचं पालिकेचं. तारा, खांब आणि मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर वीज कंपनीची. झाड राखणं, धोकादायक झालं तर परवानगी काढणं हे मालकाचं काम. पण तारेच्या टप्प्यात आलेल्या फांदीला हात लावायचा तो कंपनीच्या माणसांनी, किंवा त्यांनी लाइन बंद करून दिल्यावर आणि ते समोर उभे असताना.

मालक अडून बसला तर वीज कायदा, २००३ च्या कलम ६८ नुसार कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. झाड लाइनच्या आधीचं असेल तर भरपाईची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून लागवड जुनी असल्याचे कागद, फोटो जपून ठेवा.

शहरात १९७५ च्या झाडांच्या जतन कायद्यामुळे छाटणीसाठीही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. गावाकडे आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ‘तारेला लागत होतं’ म्हणून ती परस्पर आडवी करता येत नाहीत.

‘मेन स्विच बंद केलाय, आता चढ’

सगळ्यात घातक समजूत हीच. घरातला मेन स्विच बंद केल्याने घर बंद होतं, रस्त्यावरची लाइन नाही. काही जण त्याही पुढे जाऊन डीपीतले, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतले, फ्यूज स्वतः काढतात. पण त्याच खांबावर वरच्या बाजूला ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन असू शकते आणि ती चालूच राहते. रस्त्यावरच्या दिव्यांची तारही कधी दुसरीकडून जोडलेली असते. भरीला, शेजारच्या एखाद्या दुकानात जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर बंद लाइनमध्ये उलटी वीज येते. म्हणून वायरमन नुसती लाइन बंद करून थांबत नाही. तो तारेत वीज नसल्याची खात्री करतो, डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीला जोडतो आणि मगच झाडावर माणूस चढवतो. यातली एक जरी पायरी डोळ्यांसमोर झाली नसेल तर काम सुरू करू देऊ नका.

बांबू वीज धरत नाही, हीसुद्धा चुकीचीच खात्री. ओलसर किंवा हिरवा बांबू वीज धरतो. आंबे काढायची घळ, लोखंडी आकडी, ॲल्युमिनियमची शिडी यांपैकी काहीही लाइनखाली उभं करू नका. काळ्या आवरणाच्या केबलवरही भरवसा नको. फांदी महिनोन्‌महिने घासली की आवरण सोलून निघतं.

खांबाजवळ उभं राहून अंतर मोजणं

खांबापाशी तार ताठ असते. दोन खांबांच्या मध्ये ती झोळ घेते. एप्रिल-मेच्या उन्हात झोळ वाढतो, वाऱ्यात तार बाजूलाही झुलते. म्हणून अंतर मधल्या भागात आणि जमिनीवरूनच, नजरेच्या अंदाजाने बघा. ११ केव्हीच्या तारेपासून झाड किमान २.६ मीटर आणि ३३ केव्हीपासून २.८ मीटर दूर हवं. एवढंच मोजून छाटलं तर मात्र पुढच्या पावसाळ्यात सुबाभूळ पुन्हा तारेत शिरते. वर्षाची वाढ धरून आणखी दोनेक मीटर मोकळे सोडावेत.

सरसकट शेंडा उडवणं

शेंडा सपाट छाटला की खालून लवलवीत, कमकुवत फुटवे झपाट्याने वर येतात आणि तेच वाऱ्यात मोडून तारेवर पडतात. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी तिच्या बगलेतल्या, बाहेर वळलेल्या उपफांदीपर्यंत मागे घ्यावी; ती उपफांदी मूळ फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची असावी.

जाड फांदी तीन घावांत काढतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेरून. कडं कापलं तर जखम भरत नाही. डांबर फासायची गरज नाही.

नारळाला हे काहीच लागू नाही. त्याचा कोंब एकच. शेंडा तोडला की झाड मेलं. नारळाची झावळी पाच-सहा मीटर लांब असते, तेव्हा रोप लावतानाच लाइनपासून आठ मीटर सोडावेत. लाइनखाली जास्वंद, तगर, कढीपत्ता पुरे.

लक्षणं ओळखायला उशीर करणं

वाऱ्याची झुळूक आली की दिवे मिचमिचतात, याचा अर्थ फांदी तारांना भिडते आहे किंवा तिच्या हिसक्यांनी एखादा सांधा सैल झाला आहे. काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर आणि काही मंद झाले तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्याची शंका घ्या. लगेच मेन स्विच बंद करा, नाहीतर टीव्ही-फ्रिज जळतील. खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेवरून वर चढलेली गुळवेल हिरवीगार दिसते. ती ओढून काढू नका, तिचा शेंडा वर तारेला लागलेला असू शकतो. तार तुटून पडली असेल तर निदान दहा मीटर लांब राहा, जनावरांनाही जाऊ देऊ नका आणि १९१२ वर कळवा.

मे संपताना अर्ज करणं

मार्चमध्येच शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात ग्राहक क्रमांक, खांबाचा क्रमांक, डीपीचं नाव, झाडाची जात आणि दोन बाजूंनी काढलेले फोटो असू द्या, आणि पोच घ्या. त्याच आठवड्यात पालिकेकडेही अर्ज टाका आणि दोघांना एकच तारीख मागा, म्हणजे लाइन बंद असतानाच छाटणी उरकते. आदल्या दिवशी झाडात घरटं नाही ना, तेही खालून बघा. कावळ्यांची अंडी-पिल्लं याच दिवसांत असतात. छाटलेला पाला कोण उचलणार, हे तारीख ठरवतानाच विचारून घ्या.