शेजारी पालिकांचा दुकान-करार: जर्मन पद्धत

महामार्गालगत जागा स्वस्त असते. तिथे एका पालिकेने अवाढव्य दुकानाला वाट मोकळी केली की व्यापारकर तिच्या तिजोरीत जातो आणि शेजारच्या गावांची बाजारपेठ ओस पडते. जर्मनीत शेजाऱ्याला यावर कोर्टात जाता येते, कारण बांधकाम कायद्याचे (बाउगेझेत्सबूख) कलम 2(2) तसा आधार देते. पण खटला लागेपर्यंत बहुतेक वेळा नात्यांची माती झालेली असते. दुसरी वाट आधीच एकत्र बसण्याची. प्रादेशिक नियोजन कायद्याचे कलम 14 अनौपचारिक विकास संकल्पना आणि पालिकांमधले करार या दोन्हींना जागा देते. ब्रेमेन आणि भोवतीच्या नीडरझाक्सन राज्यातल्या पालिकांनी मोठ्या दुकानांबाबत असाच करार केला आहे.

विषय एकच धरा. किरकोळ व्यापारासोबत घरे आणि बससेवाही कोंबली की वाटाघाटी संपतच नाहीत.

आधी नकाशा. प्रत्येक गावाच्या मध्यवर्ती बाजारपेठेची हद्द भूखंडनिहाय आखा. नकाशावर नुसते वर्तुळ काढले, तर कोपऱ्यावरचा भूखंड आत की बाहेर यावर पहिलाच वाद पेटतो.

मग मालाची यादी. कपडे, चपला, पुस्तके बाजारपेठेतच. फर्निचर, बांधकाम साहित्य, रोपवाटिका बाहेर चालेल. खरी मेख जोडमालात असते. फर्निचरच्या दुकानात कपबश्या, चादरी, दिवेही विकतात. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनच्या राज्य आराखड्यात अशा मालाला विक्रीक्षेत्राच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. पण नुसती टक्केवारी फसवी. 30,000 चौरस मीटरच्या दुकानात 10 टक्के म्हणजे 3,000 चौरस मीटर, म्हणजे छोट्या गावाची अख्खी बाजारपेठ. म्हणून चौरस मीटरमध्येही कमाल आकडा लिहा. त्याच आराखड्यात 2,500 हा आकडा मार्गदर्शक तत्त्व म्हणून दिला आहे.

कोणते दुकान ‘मोठे’? संघीय प्रशासकीय न्यायालयाने 2005 मध्ये 800 चौरस मीटर विक्रीक्षेत्राची रेषा आखली. जमीनवापर नियमावलीत 1,200 चौरस मीटर मजला क्षेत्रापुढे दुष्परिणाम गृहीत धरले जातात. मोजायचे कसे, हेही करारात लिहा. काउंटरमागची जागा, गल्ल्यापुढची जागा आणि प्रवेशाची काचबंद चौकट विक्रीक्षेत्रात येते. गोदाम येत नाही. (विक्रीक्षेत्र म्हणजे आपले ‘कार्पेट’ नव्हे.) हे न लिहिल्यास एकच दुकान एकाच्या मोजणीत 780 आणि दुसऱ्याच्या मोजणीत 840 भरते.

कळवायचे केव्हा, हा कराराचा गाभा. औपचारिक प्रक्रियेत शेजाऱ्याला साधारण महिनाभर मिळतो, पण तोवर मसुदा तयार आणि विकासकाला शब्द दिलेला असतो. म्हणून पालिकेने बांधकाम आराखडा सुरू करण्याच्या ठरावाआधीच जागा, मालनिहाय क्षेत्र आणि शेजारच्या उलाढालीतली अपेक्षित घट कळवण्याचे बंधन घाला. उत्तराला चार आठवडे द्या, आणि मौन म्हणजे संमती की नकार, तेही नोंदवा. 10 टक्के घट म्हणजे धोका, हा प्रचलित ठोकताळा आहे. पण आधीच खंगलेली बाजारपेठ त्याआधीही कोसळते. त्याहून कमी घट म्हणजे आपोआप मंजुरी, असे कलम घालू नका.

करार लेखीच हवा. सर्वांत मोठी चूक इथेच होते: ‘अमुक पालिका तमुक आराखडा करील’ असे कलम. बांधकाम कायद्याच्या कलम 1(3) नुसार आराखडा करून घेण्याचा हक्क कराराने निर्माण होत नाही, त्यामुळे ते कलम टिकत नाही. कळवणे, चर्चा करणे, संयुक्त अभिप्राय विचारात घेणे एवढेच बांधून घ्या. कारणमीमांसाही जपून लिहा. युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या आपिंगेडाम नगराच्या प्रकरणात किरकोळ विक्रीला ‘सेवा’ ठरवले. बाजारपेठ जिवंत ठेवण्यासाठी गरजेपुरते आणि प्रमाणशीर निर्बंध चालतात. ‘इथे आणखी दुकानाची गरज नाही’ हे कारण मात्र चालत नाही.

नुसत्या महापौरांच्या सहीवर भागवू नका. त्याच कायद्याच्या कलम 1(6) क्रमांक 11 नुसार पालिकेने संमत केलेली विकास संकल्पना पुढच्या आराखड्यात विचारात घ्यावीच लागते. म्हणून नकाशा आणि यादीची ही संकल्पना प्रत्येक पालिकेच्या परिषदेत ठरावाने संमत करा, आणि शब्द न् शब्द तीच. एखाद्या परिषदेने एक ओळ बदलली तर सगळ्यांकडे पुन्हा जा. दर पाच वर्षांनी यादी तपासण्याचे आणि बाहेर पडण्याचे कलम आताच घाला. भांडण झाल्यावर ते कोणी लिहू देत नाही.

आणि जुने आराखडे उघडा. 1962 च्या जमीनवापर नियमावलीवर बेतलेल्या आराखड्यांत व्यवसाय-पट्ट्यात मोठे दुकानही बसते, आणि नियमात बसणारी परवानगी करार दाखवून नाकारता येत नाही. अशा प्रत्येक पट्ट्याची यादी कराराला जोडा आणि तो आराखडा कोणी कधी सुधारायला घ्यायचा, हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या.