सम-विषम शिकवा, पण शेवटच्या अंकाचा नियम सर्वांत शेवटी

"शेवटी ०, २, ४, ६, ८ असेल तर सम, नाहीतर विषम." पहिली-दुसरीतल्या मुलाकडून ही ओळ पाठ करून घेतली की घरच्यांना वाटतं, काम झालं. त्याच मुलाला विचारा, "सात विषम का?" उत्तर येतं, "कारण शेवटी सात आहे." म्हणजे त्याला काहीच कळलेलं नाही, फक्त ओळ लक्षात राहिली आहे. वर्गात वर्षानुवर्षं हे पाहिल्यामुळे मी ठामपणे सांगते: हा नियम अगदी शेवटी द्या. आधी मुलाच्या हाताला जोड्या कळू द्या.

पंचवीस-तीस चिंचोके, मोठ्या चौकटींची वही, पेन्सिल आणि खराट्याच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे, एवढं पुरतं. रंगीत कार्डांवर आणि ॲपवर पैसे घालवू नका.

एकी की बेकी

घरात आजी असेल तर हा खेळ तिलाच शिकवू द्या. मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्याने एकी की बेकी ते ओळखायचं, मग मूठ उघडून दोन-दोन चिंचोके बाजूला सरकवायचे. शेवटी एक उरला तर एकी, कुणी उरलं नाही तर बेकी. मूल मोजायला लागलं तर थांबवा. किती आहेत हा प्रश्नच नाही, एकटा कुणी राहिला का एवढंच बघायचं आहे. खेळ अंगवळणी पडला की सांगा: एकी म्हणजे विषम, बेकी म्हणजे सम.

दोन ओळी

आता तेच चिंचोके समोरासमोर दोन ओळींत लावायचे. सात घेतले तर वर चार, खाली तीन, आणि एक शेंडीसारखा बाहेर. १ ते १० पर्यंतच्या संख्या अशाच चौकटींत रंगवून घ्या. मग पाच आणि सात या दोन्ही आकृत्या कापून मुलाच्या हातात द्या. एक उलटी फिरवली की दोघींच्या शेंड्या शेजारी येतात आणि सहा-सहाच्या दोन ओळी होतात. विषम अधिक विषम सम, हे मग पाठ करावं लागत नाही.

नऊचा घोळ

आता मांडणीकडे वळायचं, म्हणजे प्रत्येक ओळीत सारखे चिंचोके ठेवून आयत करायचा. इथे खरी कसोटी लागते. सहाचे तीन-तीन, आठाचे चार-चार होतात. मग मूल नऊ चिंचोके उचलतं, तीन ओळींत तीन-तीन लावतं आणि आनंदाने सांगतं, "बघा, सगळ्या ओळी सारख्या, कुणी उरलं नाही. नऊ सम!"

या जागी मी खूप झगडले आहे, कारण मुलाचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात तर्क आहे. कुणी उरलं नाही की सम, हे आपणच शिकवलेलं असतं. अशा वेळी "चूक, शेवटी नऊ आहे ना" म्हणणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तोच सगळीकडे दिला जातो. मूल गप्प बसतं आणि पुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून देतं. मांडणी मोडून पुन्हा दोन ओळींत लावायलाही सांगू नका. मग त्याला वाटतं, एका पद्धतीने नऊ सम आणि दुसऱ्या पद्धतीने विषम.

मांडणी आहे तशीच राहू द्या आणि फक्त विचारा, "यातच जोड्या लावशील?" पहिल्या ओळीतल्या प्रत्येकाचा जोडीदार त्याच्या बरोबर खाली आहे. तिथे पेन्सिलीने गोल करून घ्या. दोन ओळी मिळून तीन जोड्या झाल्या. तिसऱ्या ओळीच्या खाली मात्र कुणीच नाही, म्हणून तिच्या जोड्या तिच्यातच लावायच्या. दोघांची जोडी लागते, एक उरतो. नऊ विषम, आणि तेही मुलाच्याच मांडणीतून.

लगेच प्रत्येक ओळीत एकेक चिंचोका वाढवा. आता तीन ओळी चार-चारच्या. वरच्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात, तिसरीत चार असल्यामुळे तिचंही भागतं. बारा सम. नंतर पाच-पाचच्या तीन ओळी करून बघा, मग चार ओळी. चार ओळी असल्या की ओळीच ओळींशी जुळतात, मग ओळीत पाच असोत की सात, एकटा कुणी राहत नाही. हे तुम्ही सांगू नका. दोन-तीन मांडण्यांनंतर मूल स्वतःच म्हणतं, आणि ते म्हणेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

याच दिवसांत आणखी एक प्रश्न येतो: "सहाच्या जोड्या तीन होतात, तीन तर विषम आहे, मग सहा?" प्रश्न चांगला आहे, तसं मुलाला सांगा. जोड्या किती झाल्या हे आपण विचारत नाही, एकटा उरला का एवढंच विचारतो.

मांडणी आणि पाढे

चिंचोके मोकळ्या फरशीवर मांडू नका. मुलं अंतर कमी-जास्त ठेवतात, मग चार चिंचोक्यांची ओळ पाचांच्या ओळीएवढी दिसते. एका चौकटीत एकच चिंचोका. बारा देऊन होतील तेवढे आयत करायला सांगा. विचारण्याचा क्रम बदलू नका: ओळीत किती, अशा ओळी किती? ओळीत तीन, अशा चार ओळी, तीन चोक बारा. वही आडवी फिरवली की ओळीत चार, अशा तीन ओळी, चार त्रिक बारा. चिंचोका एकही हललेला नसतो. सात आणि अकरा दिले की एकच लांबलचक ओळ होते. तिथे मुलाला धडपडू द्या.

आता शेवटचा अंक

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. एक गठ्ठा सोडून जोड्या लावून घ्या: पाच जोड्या, उरलं कुणी नाही. म्हणजे गठ्ठे कितीही असले तरी त्यांच्यात एकटा कुणी सापडणार नाही. बघायचं ते फक्त सुट्या काड्यांकडे. छत्तीसमध्ये सुट्या सहा, म्हणून सम. त्रेसष्टमध्ये सुट्या तीन, म्हणून विषम. या दोन संख्या लिहिताना मुलं हमखास अदलाबदल करतात, म्हणून नुसतं तोंडी विचारू नका. आधी गठ्ठे, मग लेखन.

चाळीसमध्ये सुटी काडी एकही नाही, मग एकटी उरणार कोण? शून्य सम का, हे इथेच उलगडतं, वेगळा धडा लागत नाही. कुणी म्हणालंच की "सत्तर विषम, कारण त्यात सात आहे", तर समजावत बसू नका. सात गठ्ठे हातात द्या, रबरबँड काढा आणि जोड्या लावायला सांगा.