गाडी तापली की लगेच हेड उघडू नका: या चुका टाळा

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना बोनेट वर करून उभी असलेली एखादी जुनी गाडी दिसतेच. मागून येणारा मोटारसायकलवाला थांबतो, "काय व्हयनं भाऊ?" म्हणून आपुलकीने विचारतो आणि इंजिनाकडे नजर जायच्या आधीच सांगून टाकतो की हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं गॅस्केट, गेलं असणार. निदान इथेच ठरतं. गाडी टोचन करून गॅरेजवर जाते आणि संध्याकाळपर्यंत हेड बाकड्यावर येतं.

माझ्या १९९८ च्या मारुती ८०० चं असंच झालं. हेड खोललं, घासून सपाट केलं (फेसिंग), नवं गॅस्केट पडलं, भरपूर पैसे गेले. चौथ्या दिवशी जळगावात रेल्वे फाटकाला दहा मिनिटं उभा राहिलो आणि तापमानाचा काटा पुन्हा लालवर. दोष निघाला रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेत, म्हणजे पंख्याला वीज जोडणाऱ्या स्विचात. आतला पॉइंट जळून काळा पडला होता, पंखा फिरतच नव्हता. गाडी पळताना समोरून वारा मिळायचा म्हणून तापत नव्हती, उभी राहिली की तापायची. हा फरक मला त्या वेळी कुणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारा: गाडी नेमकी कधी तापते? गर्दीत, उभ्याने तापत असेल तर पंखा, त्याचा स्विच, रिले, फ्यूज बघा. बेल्टवर फिरणारा पंखा असेल तर बेल्ट आणि कपलिंग बघा. घाटात किंवा लोड घेऊन तापत असेल तर रेडिएटर चोक आहे का, वॉटर पंप पाणी ढकलतोय का, हे आधी. सुरू करून पाच मिनिटांत तापली आणि खालचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला आहे किंवा पाण्यात हवा कोंडली आहे. यांतलं काहीच नाही, पाणी मात्र रोज कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, तेव्हा गॅस्केटचा संशय धरायला जागा आहे.

खानदेशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. थंडीतल्या सकाळी हवा १५ अंश, म्हणजे फरक ७५. मे मधल्या दुपारी जळगाव-भुसावळला हवा ४५ अंश, म्हणजे फरक ४५. तोच रेडिएटर साठ टक्क्यांवर येतो. जाळी थोडी तुंबलेली असली तरी हिवाळ्यात कळत नाही, एप्रिल उजाडला की कळतं. थंडीभर नीट चाललेली आणि ऊन वाढल्यावर तापू लागलेली गाडी आधी रेडिएटरकडे बोट दाखवते. गॅस्केट फुटलेली गाडी थंडीतही पाणी पिते.

जाळी बाहेरून तुंबण्याची कारणंही आपल्याकडची आहेत. कापसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून उडणारी सरकी-तंतूंची लव, गव्हाच्या मळणीचा भुसा, रात्रीचे किडे. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, कचरा त्या दोघींच्या मधे बसतो आणि पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. मागून, इंजिनाच्या बाजूने हलक्या दाबाने पाणी मारा. आतून तुंबतो तो बोअरच्या पाण्याने. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरणारं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांनाही तोच थर देतं.

आता रस्त्यावरच्या चुका. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "जवळच गाव आहे, नेऊ तेवढं". काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण गरमवर, आणि गाडी कडेला. वाफ दिसली की इंजिन लगेच बंद. पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे जास्त तापलेलं हेड बोल्टांच्या पकडीतच वाकतं. गॅस्केट शाबूत असलेली गाडी त्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये ते घालवून बसते.

काटा एकदम खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवू शकतो, आत मात्र इंजिन भाजत असतं. गॅस किट असेल तर आणखी एक खूण मिळते: किटच्या रेग्युलेटरला इंजिनाचंच गरम पाणी जातं. गॅसवर चालताना त्यावर दव किंवा बर्फ धरत असेल तर तिथे पाणी पोचत नाही, असं समजा. त्या जादा पायपांच्या क्लिपांतून होणारी गळतीही नेहमी नजरेतून सुटते.

गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडणं ही तर जिवाशी गाठ आहे. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताक्षणी दाब सुटतो, ते सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. फडकं टाकून हळूच उघडतो म्हणणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिले आहेत. होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

गॅस्केटच्या खुणा वाचतानाही गफलत होते. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लोक घाबरतात, पण जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. उलट, ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगलं, असंही नाही. फट सिलिंडर आणि पाण्याची वाट एवढ्यातच असेल तर ऑइलला काहीच होत नाही. डिसेंबरच्या पहाटे सायलेन्सरमधून निघणारी वाफही साधी असते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर मात्र काळजी करा.

माझा भरवसा सकाळच्या थंड इंजिनावर आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर दाब कुठून आला ते शोधा. पाणी गळ्यापर्यंत भरा, झाकण लावून इंजिन सुरू करा आणि वरचा होज दाबून बघा. इंजिन अजून गार असताना मिनिटभरात तो दगडासारखा कडक झाला, तर इंजिनाच्या सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात शिरतोय. मग इंजिन बंद करा, झाकण काढा, पुन्हा सुरू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील तर ते जळक्या गॅसचे. पाणी तापायच्या आत ही तपासणी संपवा.

यानंतरही खात्री करा. रेडिएटरला प्रेशर पंप लावून पंधरा मिनिटं दाब टिकतो का बघा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा; शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर गॅस्केटची मधली पट्टी फुटली आहे. निळ्या द्रवाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरायची. जळका गॅस असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो. मात्र त्यात कूलंट ओढलं गेलं तर निकाल फुकट, म्हणून पाण्याची पातळी आधी थोडी कमी करा. हे सगळं एका दुपारचं काम आहे. गॅरेजवाल्याला नम्रपणे सांगा की एवढं केल्याशिवाय हेड खोलू नका.

"आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका" हा सल्ला ऐकू नका. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. बायपास वाटेच्या काही इंजिनांत तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकली तर फटीच्या आधी रेडिएटरच्या नळ्या आणि हीटर बुजतात.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर नुसतं नवं टाकून बंद करू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजायला सांगा. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. तडा तपासून घ्या. बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळायचे. एकदाच ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घ्यायचे. आणि गॅस्केट ज्या कारणाने गेलं तो रेडिएटर, पंप किंवा पंखा त्याच वेळी दुरुस्त करा. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, हवा काढा, आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी, गाडी थंड असताना, पातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.