‘इट’ कुठे बसवायचं?

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. नर्सिंग करून नोकरीला लागली त्याचा दुसराच आठवडा. राउंडला आलेले डॉक्टर पेशंटच्या झोपेच्या गोळीबद्दल म्हणाले, ‘टेक हिम ऑफ इट.’ हिने ‘ऑफ’ तेवढं ऐकलं आणि तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढायला गेली. मोठ्या सिस्टरांनी वेळीच हात धरला. ‘बाई, सगळे शब्द मला येत होते,’ ती रडत सांगत होती.

शब्द येत होते, हे खरंच. ‘टेक इट ऑफ हिम’ म्हणजे त्याच्या अंगावरून ते काढ. ‘टेक हिम ऑफ इट’ म्हणजे त्याचं ते औषध बंद कर. चारही शब्द तेच, फक्त ‘हिम’ आणि ‘इट’ यांनी जागा बदलली. त्या रात्रीपासून कराडच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी हा धडा सगळ्यात आधी घेते, आणि पुस्तकाऐवजी ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन बसते.

दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या. हाताने करायचं आणि तोंडाने म्हणायचं. बाही वर सरकवली, ‘रोल इट अप’. पट्टा बांधला, ‘पुट इट ऑन’. फुगा दाबून हवा भरली, ‘पंप इट अप’. हवा सोडली, ‘लेट इट आउट’. पट्टा काढला, ‘टेक इट ऑफ’. आकडा लिहिला, ‘राइट इट डाउन’. दहा वेळा झालं की ‘इट’ आपोआप मधल्या जागेवर जाऊन बसतं.

वस्तूचं नाव घेतलंत तर दोन्ही चालतं. त्या पट्ट्याला इंग्रजीत ‘कफ’ (cuff) म्हणतात: ‘टेक ऑफ द कफ’ म्हणा, नाहीतर ‘टेक द कफ ऑफ’. पण नावाच्या जागी ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ आलं की मध्येच बसवायचं. ‘टेक ऑफ इट’ हे चूकच. इंग्रजी वाक्याच्या शेवटी सहसा नवी, वजनाची गोष्ट येते. ‘इट’ कशाबद्दल आहे ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं, म्हणून शेवटची जागा ‘ऑफ’ला मिळते.

आपली जीभ इथे का अडखळते, हे मला फार उशिरा उमगलं. आपल्याकडेही जोडीची क्रियापदं आहेत: काढून टाक, लिहून ठेव, देऊन ये. पण ‘काढून ते टाक’ असं आपण म्हणत नाही. मध्ये फार तर एखादा ‘च’ शिरतो, ‘काढूनच टाक’. इंग्रजी मात्र जोडी फोडून मध्ये माणूस बसवते. हे एकदा मनाने मान्य करा, अर्धं काम झालं.

आता अशा जोड्यांची दुसरी जात. ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर हर’, ‘लिसन टू मी’. इथे ‘इट’ मध्ये घालून ‘लुक इट ॲट’ म्हणता येत नाही, कारण ‘ॲट’ हा छोटा शब्द क्रियापदाचा नाही, पुढच्या नावाचा आहे. आपलं शब्दयोगी अव्यय आठवा. ‘त्याच्यासाठी’मधलं ‘साठी’ कुणाला चिकटलं आहे? ‘तो’ला. ‘फॉर हिम’चंही तेच, फक्त इंग्रजीत ते आधी येतं. आणि ‘तो’चं जसं ‘त्याच्या’ होतं, तसंच ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘आय’चं ‘मी’ होतं. ‘तोसाठी’ कुणी म्हणत नाही ना? मग ‘फॉर ही’ही नाही. सामान्यरूप तिसरी-चौथीपासून आपल्या तोंडात आहे, ते इथे वापरा.

जात ओळखायची कशी? कानाने. मोठ्याने म्हणून बघा. ‘टर्न इट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ ठणकावून येतं. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर असतो, ‘ॲट’ जवळजवळ गिळलं जातं. जोर असलेला छोटा शब्द क्रियापदाचा, गिळलेला नावाचा. ‘आफ्टर’, ‘ओव्हर’ अशा लांब शब्दांना कान फसतो, तेवढे पाठच करा: ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याची काळजी घे, ‘टर्न हिम ओव्हर’ म्हणजे त्याला कुशीवर वळव.

तरी शंका राहिली तर मध्ये ‘केअरफुली’ घालून पाहा. ‘लुक केअरफुली ॲट इट’ छान चालतं. ‘टेक केअरफुली ऑफ द कफ’ चालत नाही.

एकच जोडी दोन्ही जातींची असू शकते. ‘रॅन अप द हिल’ म्हणजे टेकडीवर धावत चढला. ‘रॅन अप द बिल’ म्हणजे बिल वाढवून ठेवलं. ‘इट’ घातलं की फरक उघड होतो: टेकडीचं ‘रॅन अप इट’, बिलाचं ‘रॅन इट अप’. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलतो, तिथेच परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण येते. तेव्हा स्वतःला कमी लेखू नका.

मुलींच्या सर्वांत जास्त चुका मात्र आपल्या ‘ला’, ‘शी’, ‘वर’ यांच्यामुळे होतात. मराठीत ‘मला सांग’ आणि ‘मला समजावून सांग’ सारखंच. इंग्रजीत ‘टेल मी’, पण ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘एक्सप्लेन मी’ मी रोज ऐकते आणि रोज सुधारते. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’ नको, ‘मॅरीड हिम’. त्यावर चर्चा केली, तरी ‘डिस्कस्ड इट’. ‘अबाउट’ लागत नाही. वॉर्डात शिरली, ‘एंटर्ड द वॉर्ड’. उलट ‘माझं ऐक’मध्ये आपल्याला काही घालावंसं वाटत नाही, पण तिथे ‘टू’ हवंच.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. वहीत नुसतं क्रियापद लिहू नका. ‘वेट’ म्हणजे थांबणे, असं लिहिलेली वही निरुपयोगी. ‘वेट फॉर हर’ असं माणसासकट लिहा, शेजारी आपलं मराठी: तिची वाट बघ. तीन शब्दांच्या जोड्याही तशाच लिहा. ग्लोव्हज संपले की ‘वुई हॅव रन आउट ऑफ देम’. तिथे शेवटी ‘ऑफ’ (of, ‘टेक इट ऑफ’मधलं off नव्हे) आहे, आणि ते नावाचं, म्हणून ‘देम’ त्याच्या मागोमाग.

नर्सिंगशी संबंध नसेल तर स्वयंपाकघरात सुरुवात करा. गॅस बारीक केला, ‘टर्न इट डाउन’. बंद केला, ‘टर्न इट ऑफ’. साली टाकल्या, ‘थ्रो देम अवे’. हात कामात असताना मोठ्याने म्हणा. नुसतं वाचून हे बसत नाही.

त्या मुलीने दिवाळीत आली तेव्हा खिशातली डायरी दाखवली. पहिल्याच पानावर दोन ओळी होत्या. ‘पुट इट ऑन हिम: मास्क लाव. पुट हिम ऑन इट: ऑक्सिजनवर ठेव.’ ‘वर ठेव’खाली तिने लाल पेनाने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘हे तर आपल्यासारखंच.’