खासदाराने ओळखपत्रावर कसं मत दिलं? ब्रिटिश संसदेची नोंद वाचताना या चुका टाळा

सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली आणि ब्रिटनमध्ये 2004 ते 2010 दरम्यानच्या जुन्या ओळखपत्र योजनेवर खासदारांनी दिलेल्या मतांच्या नोंदी उकरायला सुरुवात झाली. कोण तेव्हा बाजूने होता, कोण विरोधात? तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न लागू आहे, कारण भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. अडचण एवढीच, की नोंद उघडली की बहुतेकजण पहिल्याच ओळीत फसतात.

ती ओळ साधारण अशी असते: ‘ओळखपत्रांच्या बाजूने मत दिलं.’ संकेतस्थळं ती अनेक मतदानांची गोळाबेरीज करून बनवतात. एखाद्याने ‘ओळखपत्रांवर’ सरसकट मत दिलं असं कधी होत नाही. तो एका ठराविक दिवशी, एका ठराविक प्रस्तावावर देतो. म्हणून आधी तारीख बघा.

तारखेने किती फरक पडतो? 20 डिसेंबर 2004 रोजी लेबर सरकारच्या ओळखपत्र विधेयकाचं दुसरं वाचन (म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावरचं मतदान) 385 विरुद्ध 93 मतांनी मंजूर झालं. तेव्हा मायकेल हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखालील विरोधी काँझर्व्हेटिव्ह पक्षाची अधिकृत भूमिका पाठिंब्याची होती, पण त्यांचे बरेच खासदार मतदानाला फिरकलेच नाहीत. पुढे निवडणूक लागली, विधेयक बारगळलं, नव्याने आलं. 28 जून 2005 च्या दुसऱ्या वाचनात आकडे होते 314 विरुद्ध 283, आणि या वेळी काँझर्व्हेटिव्ह पक्ष विरोधात. सहा महिन्यांत पक्षाने कूस बदलली. एकच तारीख दाखवून ‘हा तर कायमचा विरोधक’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात घातक चूक पुढची: ‘हो’ला पाठिंबा समजणं. 13 फेब्रुवारी 2006 चं मतदान घ्या. पासपोर्ट काढणाऱ्यावर ओळखपत्राची सक्ती नको, अशी दुरुस्ती लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने केली होती. कॉमन्स या कनिष्ठ सभागृहासमोर प्रस्ताव आला तो लॉर्ड्सच्या दुरुस्तीशी असहमती दाखवण्याचा. म्हणजे ‘हो’ म्हणणारा सक्तीच्या बाजूचा. सरकार 310 विरुद्ध 279 ने जिंकलं. 2010 चा कायदा याच्या अगदी उलट: नाव ‘ओळख दस्तऐवज कायदा’, काम मात्र ओळखपत्रं रद्द करण्याचं. 30 पौंड मोजून घेतलेली कार्डं 21 जानेवारी 2011 पासून बाद झाली, पैसेही परत मिळाले नाहीत. नुसतं शीर्षक वाचणाऱ्याला त्या विधेयकाचे पाठीराखे ओळखपत्रवाले वाटतील! प्रस्तावाचा मजकूर वाचल्याशिवाय हो-नाहीच्या यादीत नाव शोधू नका.

मोजदादही फसवी असते. मार्च 2006 अखेर तडजोड होईपर्यंत विधेयक दोन्ही सभागृहांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिलं. त्याच मुद्द्यावर झालेली चार मतदानं म्हणजे चार वेगळ्या भूमिका नव्हेत.

नावच सापडत नाही?

गैरहजेरीचा अर्थ लगेच लावू नका. 13 फेब्रुवारीच्या त्याच मतदानात तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं नाव नाही. ओळखपत्रांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता गैरहजर कसा? विमान बिघडल्यामुळे ते दक्षिण आफ्रिकेत अडकले होते. शिवाय सभापती मत देत नाहीत. टेलर, म्हणजे मतं मोजणारे खासदार, आकड्यात धरले जात नाहीत. त्यांची नावं वेगळी छापलेली असतात. दोन विरोधी खासदार आपसात ठरवूनही गैरहजर राहतात.

आणि एक साधी गोष्ट: तो माणूस तेव्हा खासदार होता का? स्टार्मर 2015 मध्ये निवडून आले. 2006 च्या कायद्यावर त्यांचं मत शोधत बसलात तर काय मिळणार, कपाळ?

पक्षाचा व्हिपही लक्षात घ्या. जेरेमी कॉर्बिन, केट होई यांच्यासारखे लेबर खासदार स्वपक्षाच्या सरकारविरुद्ध गेले. तिथे बंड केल्याने खासदारकी जात नाही, त्यामुळे बंडखोर मतातून माणूस कळतो. व्हिपप्रमाणे दिलेल्या मतातून बहुधा पक्षच कळतो.

भारतात हीच पद्धत वापरू पाहणाऱ्यांसाठी

टेंभली, जिल्हा नंदुरबार. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार इथे दिलं गेलं, त्याच वर्षी ब्रिटन आपली योजना गुंडाळत होता. पण आपल्या खासदाराने आधार विधेयकावर काय मत दिलं हे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. 11 मार्च 2016 रोजी लोकसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. आवाजी मतदानात नावं नोंदली जात नाहीत. तिथे खासदाराचं भाषण वाचा. मताचा तक्ता शोधू नका.

ब्रिटिश नोंदीत शेवटी एक विचित्र प्रकार दिसू शकतो: एकच नाव ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही याद्यांत. छपाईची चूक समजून कळवायला धावू नका. तिथे ‘हो’ आणि ‘नाही’साठी वेगवेगळ्या लॉबी, म्हणजे दालनं असतात, आणि त्यांतून चालत जाऊन मत दिलं जातं. काही खासदार मुद्दाम दोन्हींतून चालत जातात, म्हणजे हजेरी लागते आणि दोन्ही मतं एकमेकांना रद्द करतात.