फोनच्या कॅमेऱ्याने चिमूट ओळखायची कशी?

अँड्रॉइड फोनवर हाताच्या खुणा ओळखण्यासाठी नवे मॉडेल शिकवत बसण्याची सहसा गरज नसते. गूगलच्या मीडियापाइप या मोफत संचातला जेस्चर रेकग्नायझर उघडा तळवा, बंद मूठ, वर केलेला अंगठा अशा ७ खुणा ओळखतो आणि शिवाय प्रत्येक हाताचे (मनगट, सांधे आणि बोटांची टोके असे) २१ बिंदू हाती देतो. चिमूट मात्र त्या ७ खुणांत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून फोटो टिपायचा असेल, तर ती या बिंदूंवरून आपणच ओळखावी लागते.

अ‍ॅपसाठी कॅमेऱ्याची परवानगी घेऊन कॅमेराएक्स या अँड्रॉइडच्या कॅमेरा-संचामधून येणाऱ्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे, सरळ फिरवून घ्याव्यात आणि रेकग्नायझर लाइव्ह स्ट्रीम, म्हणजे चालू चित्रणावर काम करण्याच्या, पद्धतीत चालवावा. जुन्या फ्रेमची रांग लागू देऊ नये, सर्वांत ताजी तेवढी ठेवावी. नाहीतर हात खाली घेतल्यावर फोनला इशारा कळतो. रेकग्नायझर आधी तळवा शोधतो, कारण बोटांच्या मानाने त्याचा आकार फारसा बदलत नाही. पुढच्या फ्रेममध्ये मागच्या बिंदूंवरूनच हाताची जागा धरतो आणि हात हरवला तरच नव्याने शोध घेतो. साध्या फोनवरही वेग टिकतो तो यामुळेच.

आता हिशेब. बिंदू ४ हे अंगठ्याचे टोक, ८ हे तर्जनीचे. केवळ या दोहोंतले अंतर मोजून भागत नाही, कारण हात दूर गेला की तेही आपोआप घटते. म्हणून त्याला मनगट (०) ते मधल्या बोटाचे मूळ (९) या अंतराने भागावे. बिंदूंचे आकडे ० ते १ या मापात येतात, त्यामुळे आधी आडव्या आकड्याला चित्राच्या रुंदीने आणि उभ्या आकड्याला उंचीने गुणणे आवश्यक आहे. ही पायरी हमखास राहून जाते, आणि मग आडव्या हाताचे उत्तर एक व उभ्या हाताचे दुसरेच येते.

गुणोत्तर ०.२५ च्या खाली गेल्यावर चिमूट जुळली आणि ०.४ च्या वर गेल्यावरच सुटली असे मानून सुरुवात करावी व आपल्या फोनवर आकडे जुळवून घ्यावेत. एकच मर्यादा ठेवली, तर बोटे तिच्या आसपास असताना फोटोंचा सपाटा सुरू होतो. सलग ५ फ्रेम चिमूट टिकल्यावरच फोटो घ्यावा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर हा अवधी सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे फारसा न जाणवणारा असतो.

बोटे थेट कॅमेऱ्याकडे रोखली, तर तळवा चित्रात आखूड दिसतो आणि गुणोत्तर फुगते. तेथे मीटरमध्ये मिळणारे त्रिमितीय बिंदू वापरून पाहावेत. त्यांतली खोली मात्र अंदाजलेली असल्याने मर्यादेचे आकडे वेगळे ठरवावे लागतात.